खोडलेले रीडिंग

रसायनशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. तालुक्याच्या गावातले एक कनिष्ठ महाविद्यालय, अकरावी-बारावीची मुले, त्यांची प्रात्यक्षिके आणि त्यांची जर्नल्स, असा तो संसार होता. एवढ्या वर्षांत किती जर्नल्सवर सही केली, याचा हिशेब आता लागायचा नाही. सही केलेली बहुतेक पाने विसरलोही. एक पान मात्र विसरता येत नाही, कारण त्या पानावर मी लाल शाईने एक बरोबर आकडा खोडला होता.

गोष्ट १९९४ सालची. दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालय नुकतेच उघडले होते. बारावीच्या तुकडीला अनुमापनाचा, म्हणजे मुलांच्या भाषेत टायट्रेशनचा प्रयोग होता. ज्यांच्या घरात कुणी विज्ञान शाखेला गेलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फेरस अमोनियम सल्फेट या फिकट हिरव्या क्षाराचे द्रावण पिपेटने बरोबर १० मिलिलिटर मोजून चंबूत घ्यायचे, त्यात थोडे सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि वरून ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण थेंबथेंब सोडायचे. चंबूतले फेरस लोह जोवर शिल्लक आहे, तोवर जांभळा रंग पडताक्षणी नाहीसा होतो. ते संपले, की पुढचा एकच थेंब सगळे द्रावण फिकट गुलाबी करून टाकतो. तिथे तोटी बंद करायची आणि किती मिलिलिटर लागले ते वाचायचे. त्या दिवशीच्या द्रावणांच्या हिशेबाने आकडा १०.० यायला हवा होता. हे मला ठाऊक होते आणि आदल्या वर्षीच्या जर्नल्समुळे मुलांनाही ठाऊक होते.

एका मुलीने ९.४ लिहिले.

"पुन्हा कर," मी म्हटले.

"सर, तीनदा केलं. नाइन पॉइंट फोरच येतंय."

"अगं, सगळ्यांचं टेन येतंय. तुझंच तेवढं वेगळं कसं येईल?"

ती निमूटपणे परत गेली. दहा मिनिटांनी आली आणि जर्नल पुढे केले. चौथे रीडिंगही ९.४. घंटा व्हायला आली होती, अजून सात-आठ जर्नल्स तपासायची होती. मी लाल पेनाने तिचे आकडे खोडले, वर १०.० लिहिले, "पुढच्या वेळी नीट लक्ष दे" असे बजावले आणि सही केली. तिने पान पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि "हो सर" म्हणाली.

मुले गेल्यावर प्रयोगशाळेतले मामा बाटल्या आवरत होते. सहज बोलावे तसे ते म्हणाले, "सर, खिडकीकडच्या टेबलावर मी दिवाळीआधीची उरलेली बाटलीच ठेवली होती. टाकून द्यायची म्हणजे फुकट गेली असती." ती मुलगी खिडकीकडच्या टेबलावर होती.

बाटली उजेडात धरली. द्रावण फिकट हिरवे दिसायला हवे, ते पिवळसर दिसत होते आणि तळाशी थोडा गाळ होता. फेरस लोहाचे द्रावण आम्ल न घालता ठेवले, तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे हळूहळू त्याचे फेरिक होते आणि फेरिकचा परमँगनेटवर काही परिणाम होत नाही. तसे झाले असेल, तर परमँगनेट कमी लागणार. दोन परीक्षानळ्या घेतल्या, एकीत जुने द्रावण, दुसरीत ताजे. दोन्हींत पोटॅशियम थायोसायनेटचे थेंब टाकले. ताज्यात जेमतेम लालसर छटा आली. जुने रक्तासारखे लाल झाले, म्हणजे त्यात फेरिक भरपूर होते. मग दोन्हींचे टायट्रेशन स्वतः केले. ताज्याचे १०.० आले. जुन्याचे ९.४.

खरा धक्का यानंतरचा आहे. खिडकीकडच्या टेबलावर ती एकटी नव्हती. त्या एका बाटलीतून बारा मुलांनी द्रावण घेतले होते. त्या बाराही जणांना ९.४ च्या आसपासच आकडा आला असणार. अकरा जणांनी १०.० लिहिले. मी त्या अकरांच्या पानांवर काही न विचारता सह्या केल्या होत्या आणि बाराव्या पानावर लाल रेघ ओढली होती.

आपल्याकडे विज्ञान शिकवण्याचे काय होते, हे मला त्या संध्याकाळी जेवढे कळले, तेवढे कोणत्याही उद्बोधन वर्गात कळले नव्हते.

पाठ केलेले शब्द

अकरावीच्या मुलाला 'वैज्ञानिक पद्धती म्हणजे काय' असे विचारा. निरीक्षण, गृहीतक, प्रयोग, निष्कर्ष, नियम, सिद्धांत अशी रांग तो पाढ्यासारखी म्हणून दाखवील. शब्द बरोबर असतात, क्रमही बरोबर असतो. पण एखाद्या रिकाम्या घराच्या दारावर नावाची पाटी असावी, तसे ते शब्द असतात. हे घर कसे आहे ते एकदा आत जाऊन पाहू. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, स्वयंपाकघर पुरते.

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडतो. तो धुवायला साबण लावला, की पिवळा डाग लाल होतो. 'डाग लाल झाला' हे निरीक्षण. 'साबणातल्या अल्कलीमुळे हळदीचा रंग बदलला असावा' हे अनुमान. पहिले डोळ्यांनी दिसलेले, दुसरे डोक्याने काढलेले. क्षारपरीक्षणाच्या तक्त्यात हे दोन रकाने शेजारी शेजारी असतात आणि आमची मुले आधी दुसरा रकाना भरून मग पहिला भरतात. बाटलीत कोणता क्षार आहे हे आधी मामांकडून काढायचे आणि मग 'पांढरा अवक्षेप दिसला' असे लिहायचे. अवक्षेप दिसो वा न दिसो.

'गृहीतक' हा शब्द मराठीत जरा फसवा आहे. "मला गृहीत धरू नकोस," असे घरातले माणूस म्हणते तेव्हा त्याचा अर्थ असतो, न विचारता मान्य करू नकोस. शास्त्रातले गृहीतक याच्या अगदी उलट असते. ते तपासण्यासाठीच मांडलेले असते आणि ते कशाने खोटे ठरेल, हे आधी सांगावे लागते. हळदीचा रंग अल्कलीने बदलतो हे खरे असेल, तर चुन्यानेही डाग लाल व्हायला हवा आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा व्हायला हवा. तसे न झाले, तर गृहीतक सोडून द्यायचे. (तसे होते. हळद आणि चुना यांच्यापासून कुंकू करणाऱ्यांना यातला अर्धा भाग फार पूर्वीपासून माहीत आहे.)

इडलीचे पीठ फुगले नाही, की दुसऱ्या दिवशी आपण तांदूळ बदलतो, उडीद वाढवतो आणि भांडेही उबेला ठेवतो. पीठ फुगते. पण का फुगले ते कळत नाही, कारण तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. एकच पीठ दोन भांड्यांत घालून एक ओट्यावर आणि एक पांघरुणात ठेवले, तर ऊब हेच कारण होते की नाही, ते सकाळी कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तुलनेला एक भांडे तसेच ठेवायचे. पुस्तकात याला चल आणि नियंत्रित प्रयोग अशी भारदस्त नावे आहेत. त्या संध्याकाळी मी घेतलेली ताज्या द्रावणाची दुसरी परीक्षानळी म्हणजे हेच ओट्यावरचे भांडे.

तीच गत अचूकता आणि नेमकेपणा यांची. एखाद्या वाण्याच्या काट्यात किलोमागे पन्नास ग्रॅमची खोट असेल, तर दहा वेळा वजन करा, दहाही वेळा तेच येईल. वजने एकमेकांशी जुळली म्हणजे ती खरी आहेत असे नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत तीन रीडिंग्ज जुळली की सही मिळते. ती जुळवून लिहिलेली आहेत का, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा नियम आणि सिद्धांत यांत आहे. पुरेसा जुना झाला, की सिद्धांताला बढती मिळून त्याचा नियम होतो, असे पदवीधरांनाही वाटते. तसे नाही. काय घडते ते नियम सांगतो. ते का घडते याचा उलगडा सिद्धांत करतो. रासायनिक क्रियेत एकूण वस्तुमान कमीजास्त होत नाही, हे लव्हाझिएने अठराव्या शतकात तराजूच्या जोरावर दाखवले. तो नियम. पदार्थ अणूंचे बनलेले आहेत आणि क्रियेत अणूंची फक्त जुळणी बदलते, हे डाल्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले. तो सिद्धांत. त्याने नियमाचे कारण सांगितले. अणू फोडता येत नाही हे डाल्टनचे म्हणणे पुढे टिकले नाही. १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनचे अस्तित्व दाखवले. तरी सिद्धांत टाकून दिला नाही, दुरुस्त केला.

आपल्याकडे गंमत अशी, की एकाच वस्तूला दोन शब्द आहेत आणि दोन्ही दिशाभूल करतात. 'सिद्धांत' म्हटले की वाटते, सिद्ध झाले, विषय संपला. 'थिअरी' म्हटले की वाटते, नुसती पुस्तकी बडबड. 'हे थिअरीत ठीक आहे हो' असे आपण म्हणतोच. सिद्धांत या दोहोंच्या मधला असतो. तो पुष्कळ कसोट्यांना उतरलेला असतो आणि तरीही पुढच्या कसोटीला नाही म्हणत नाही.

अकरा मिलिग्रॅमची गोष्ट

जुळत नसलेल्या आकड्याचे काय करायचे, याचा रसायनशास्त्रातला सर्वांत सुंदर धडा लॉर्ड रॅले यांनी घालून दिला आहे. खरे तर ते भौतिकीचे माणूस. वायूंची घनता काटेकोरपणे मोजण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते. नायट्रोजन त्यांनी दोन वाटांनी मिळवला. एक, हवेतून ऑक्सिजन आणि बाकीचे ज्ञात वायू काढून टाकून. दुसरा, अमोनियासारख्या नायट्रोजनयुक्त पदार्थांपासून. एकाच काचेच्या गोळ्यात भरून वजन केले, तर हवेतला नायट्रोजन भरला सुमारे २.३१० ग्रॅम आणि रासायनिक रीतीने केलेला सुमारे २.२९९ ग्रॅम. फरक अकरा मिलिग्रॅमचा, म्हणजे दोनशे भागांत एक भाग. आमच्या प्रयोगशाळेत हा फरक कुणी पाहिलाही नसता आणि पाहिला असता, तर सरळ 'दुरुस्त' केला असता.

रॅले यांनी तो दुरुस्त केला नाही आणि लपवलाही नाही. १८९२ साली त्यांनी 'नेचर' नियतकालिकात पत्र लिहून आपली अडचण जाहीर केली आणि रसायनशास्त्रज्ञांकडे खुलासा मागितला. नावाजलेल्या शास्त्रज्ञाने 'माझे आकडे जुळत नाहीत, कुणी सांगाल का?' असे चारचौघांत विचारले. मग एकेक शक्यता घेऊन ती तपासली. रासायनिक नायट्रोजनमध्ये हलका हायड्रोजन राहून गेला असेल काय? मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. शुद्धीकरणात तो निघून जात होता. नायट्रोजनचे काही रेणू फुटून सुटे अणू झाले असतील काय? वायू आठ महिने ठेवून पुन्हा तोलला. वजन तेच. छोटी तफावत दिसली की ती नाहीशी करण्याकडे मनाचा ओढा असतो, पण ती वाढवून पाहणे हाच शहाणपणा, असे त्यांचे सांगणे होते.

विल्यम रॅमझी या रसायनशास्त्रज्ञाने त्यात लक्ष घातले. हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा फिरवून शोषून घेतला. शेवटी जो वायू उरला तो कशाशीच संयोग पावेना. १८९४ साली दोघांनी नवा वायू सापडल्याचे जाहीर केले. ग्रीक भाषेत आळशी या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले आर्गन. हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग हा वायू आहे. माणसाने पहिला श्वास घेतल्यापासून तो नाकातून आतबाहेर करतो आहे आणि कुणाला पत्ता नव्हता. किंबहुना हेन्री कॅव्हेंडिश यांना १७८५ सालीच असा एक हट्टी बुडबुडा उरलेला दिसला होता, नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून मोठा नसलेला. त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला. त्या नोंदीला अर्थ यायला एकशे नऊ वर्षे लागली.

मेंडेलीव्हसारख्या मोठ्या माणसालाही आर्गन पटला नाही. त्यांच्या आवर्त सारणीत त्याला जागाच नव्हती. हा नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असेल, असे त्यांचे म्हणणे होते. ते गृहीतकही तपासले गेले आणि मागे पडले. सारणीला एक नवा रकाना जोडावा लागला. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकीचे आणि रॅमझी यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज रस्त्याच्या कडेला वर्कशॉपवर 'येथे आर्गन वेल्डिंग करून मिळेल' अशी पाटी दिसली, की मला ते अकरा मिलिग्रॅम आठवतात.

विजयदुर्ग आणि आपण

आर्गनच्याच कुळातला हेलियम आपल्याला कोकणात घेऊन येतो. विजयदुर्ग किल्ल्यावरून लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियम शोधला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. मीही वर्गात अनेकदा सांगितली आहे. ग्रहणाचा पट्टा त्या भागातून गेला होता, हे खरे. पण त्या दिवशी लॉकयर इंग्लंडमध्ये होते. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी हे ग्रहण आंध्रातल्या गुंटूरहून पाहिले. लॉकयर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट घेतला. त्यातली पिवळी रेषा एका अनोळखी मूलद्रव्याची असावी, हे गृहीतक तिथले. ते खरे ठरले १८९५ मध्ये. रॅमझी यांनी एका युरेनियमयुक्त खनिजातून तोच वायू प्रयोगशाळेत मिळवला. लॉकयर भारतात ग्रहण पाहायला आले ते १८७१ साली, तेही केरळातल्या बेकलला.

हे सांगितले की काही मंडळी नाराज होतात. विजयदुर्गाला मोठेपणासाठी उसन्या गोष्टीची गरज नाही. आंग्र्यांचे आरमार पुरेसे आहे. पण आपल्याला आवडणारा आकडा जर्नलात लिहिणे आणि आपल्याला आवडणारी गोष्ट इतिहासात लिहिणे, यांत मला आता फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी आपण आधी १०.० ठरवतो.

रीडिंग जुळवण्याची किंमत

'एवढ्याशा टायट्रेशनचं काय घेऊन बसलात,' असे कुणी म्हणेल. बारावीच्या रसायनशास्त्राच्या शंभर गुणांत प्रात्यक्षिकाचे तीस. ते जवळजवळ सगळ्यांना मिळतात. पुढचा प्रवेश ठरतो प्रवेशपरीक्षेवर, तिथे ब्युरेट नसते. मुले सकाळपासून क्लासला असतात, जर्नल रात्री जागून उतरवून काढतात आणि आईवडीलही मदतीला बसतात. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाची भाषणे होतात, वैज्ञानिक दृष्टिकोन हे राज्यघटनेने नागरिकाचे कर्तव्य मानले आहे याची आठवण करून दिली जाते. आणि त्याच सुमारास बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा देऊन आलेली मुले एकमेकांना विचारत असतात, 'तू रीडिंग किती धरलंस?' धरलंस! किती आलं, असे नाही.

पण ही मुले पुढे कुठे जातात? औषधाच्या कारखान्यात, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, रक्ताचे नमुने तपासायला. २०१३ साली एका मोठ्या भारतीय औषध कंपनीच्या अमेरिकेतल्या शाखेने तिथल्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. आरोपांत एक असा होता, की औषध किती टिकते याच्या चाचण्या कोणत्या तारखांना केल्या, याची खोटी माहिती दिली होती. ज्या कुणी त्या तारखा लिहिल्या, त्यांना रीडिंग जुळवण्याचा पहिला धडा कोणत्या वयात मिळाला असेल, हा विचार माझ्यासारख्या मास्तराची झोप उडवतो. तो धडा आम्ही देतो. सहीसकट देतो.

उपाय फार अवघड नाहीत. जर्नल आदल्या रात्री नव्हे, प्रयोग करताकरता भरायचे. चांगल्या प्रयोगशाळांत एक साधा नियम असतो. चुकलेला आकडा खोडरबरने किंवा पांढऱ्या शाईने पुसायचा नाही. खालचा आकडा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख घालायची. हा नियम शाळेपासून लावता येईल. परीक्षकांनी बरोबर उत्तराला निम्मे गुण ठेवावेत आणि उरलेले निम्मे 'उत्तर असे का आले असेल' या एका प्रश्नाला. आणि घरी मुलगा म्हणाला, की 'माझं रीडिंग वेगळं आलं', तर 'बाकीच्यांचं किती आलं?' हा प्रश्न आधी विचारू नये. 'पुन्हा केलंस का? द्रावण कुठल्या बाटलीतलं होतं?' असे विचारावे. हे विचारायला आईवडिलांना रसायनशास्त्र यावे लागत नाही.

आता राहिली ती मुलगी. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मला एवढेच म्हणायचे होते, की तुझे बरोबर होते, माझे चुकले. मी म्हटले नाही. तुकडीसमोर आपली चूक कबूल करायची लाज वाटली. अकरा जणांना 'तुम्ही खोटे लिहिलेत' असे म्हणायचे, तर माझ्या सह्या मध्ये येत होत्या. आज सांगू, उद्या सांगू म्हणता मार्च उजाडला, परीक्षा झाल्या आणि ती तुकडी गेली. पुढच्या सगळ्या तुकड्यांना मी जुन्या बाटलीची गोष्ट सांगत आलो, पण त्यात चुकणारा मास्तर नेहमी दुसराच कुणीतरी असायचा.

चार वेळा तेच उत्तर आले, म्हणून चार वेळा तेच लिहिणारी ती मुलगी आज पन्नाशीकडे झुकली असेल. त्या दिवशी प्रयोगशाळेत वैज्ञानिक पद्धती एकट्या तिनेच पाळली होती. ९.४ बरोबर होते. खोडणारा चुकला होता. सही आणि आजची तारीख, दोन्ही माझी.